नऊशे बारा शब्दांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. लगेच झाकण शोधायला लागू नका, माझ्यात खाऊ नाही. माझ्या पोटात दोन डिस्क आहेत, एक पंखा आहे, पुढच्या बाजूला चार दिवे आणि मागे एक वायर. ती वायर इंटरनेटच्या यंत्राला जोडली, की घरातले मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही सगळे माझ्याशी बोलू लागतात. कुणी फोटो ठेवायला देतं, कुणी सिनेमा मागतं. देणाऱ्याचं मी ठेवून घेतो आणि मागणाऱ्याला देतो. इतकं साधं काम! पण साध्या कामात माणसं किती घोळ घालू शकतात, ते ऐकाल तर तुम्हीही कपाळाला हात लावाल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझ्यासारखी दोन हजार भावंडं जन्मली, त्यामुळे माझं कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. एका बाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं, पाठीवर चिठ्ठी डकवली आणि "पुढचा" म्हणाल्या. तिथून मी एका दुकानात आलो. बाकीची भावंडं खोक्यात राहिली आणि मला नमुना म्हणून काचेच्या फळीवर बसवलं. आपण फार देखणे आहोत म्हणून आपल्याला निवडलं, असं मला वाटलं. खरं तर माझ्या खोक्याचा कोपरा चेपला होता.

त्या फळीवर मी अकरा महिने बसून होतो. म्हणजे त्या अकरा महिन्यांत एक गृहस्थ मला निवडत होते.

हे गृहस्थ चष्म्यांचं दुकान चालवायचे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरायची आणि विचारायचं, "हे बरं की हे बरं?" गिऱ्हाईकं पटापट उत्तरं देत. स्वतःवर वेळ आली, की मात्र यांचं घोडं अडे. दर शनिवारी ते एक वही घेऊन येत. वहीत सतरा रकान्यांचा तक्ता होता. कुठला डबा किती गरम होतो, कुठल्याचा आवाज किती, कुठल्याचा दिवा कुठल्या रंगाचा, सगळं त्यात होतं.

"एक डिस्कवाला बरा की दोन डिस्कवाला?" ते दुकानातल्या मुलीला विचारत.

"दोन बऱ्या, काका. एक बिघडली तरी दुसरी असते."

"मग चार आणखी बऱ्या?"

"घरासाठी दोन पुरेत हो."

"पुरेत, पण कशावरून?"

ती मुलगी पाणी प्यायला जायची ती बराच वेळ यायचीच नाही. बिचारीने एकदा अगदी कळकळीने सांगितलं होतं, "काका, डबा कुठलाही घ्या, पण महत्त्वाचं जे असेल त्याची आणखी एक प्रत घराबाहेर ठेवा." काका तेव्हा तेराव्या रकान्यात पंख्याचा आवाज लिहीत होते. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं यांत किती अंतर असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

अखेर एका शनिवारी त्यांच्याबरोबर त्यांची बायको आली. काखेत लॅपटॉप, चेहऱ्यावर घाई.

"अहो, याच्यात जागा संपली. उद्या मला 'न'चे शब्द घ्यायचे आहेत," त्या म्हणाल्या. मग मुलीकडे वळून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "या डब्यात माझे शब्द मावतील का?"

"सहज मावतील, मावशी."

"द्या मग."

चार मिनिटांत मी विकला गेलो. काकांनी वही मिटली खरी, पण घरी पोहोचेपर्यंत "दुसराही वाईट नव्हता" असं तीनदा म्हणाले.

आता हे शब्द कसले, ते सांगतो. काकांची बायको, म्हणजे त्या घरातली आई, एका शाळेत शिकवायची. तिथल्या मुलांना ऐकू येत नाही, ती हातांनी बोलतात. त्यांच्यासाठी तिने एक कोश करायला घेतला होता. एका शब्दाचा एक छोटासा व्हिडिओ. राखाडी भिंतीपुढे, तोच गडद निळा ड्रेस घालून ती उभी राही. आधी हात पुढे जुळवलेले, मग हातांनी शब्द दाखवायचा, मग पुन्हा हात जुळवायचे. कपडे रोज तेच का, तर मुलांचं लक्ष ड्रेसवर न जाता हातांवर राहावं म्हणून. शाळा सुटल्यावर रोज ती हे करत असे, आधीची आणि पुढची मिळून तीन वर्षं. कोश पुरा झाला, की अशा आणखी अकरा शाळा तोच वापरणार होत्या.

घरात मला दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर जागा मिळाली. जागेचा मला राग आला नाही, वासाचा थोडा आला. काका माझं माहितीपत्रक घेऊन बसले. ते नवव्या पानावर असताना त्यांच्या बारा वर्षांच्या लेकीने मला सुरू करूनही टाकलं. पहिले काही दिवस माझे लाड विचारू नका. पाहुण्यांना चपला काढतानाच माझी ओळख करून दिली जाई. लेक मला मऊ फडक्याने पुशी. आईने तिचे सगळे शब्द माझ्या हवाली केले आणि काकांनी लॅपटॉप रिकामा करून टाकला.

"आता निर्धास्त राहा," ते बायकोला म्हणाले. "याच्यात सगळं दोनदा आहे."

मित्रांनो, इथेच तर गोम होती. माझ्या पोटातल्या दोन डिस्क म्हणजे जुळ्या बहिणी. एक लिहिते तेच दुसरी त्याच क्षणी लिहिते. एक आजारी पडली तर दुसरी घर सांभाळते, हे अगदी खरं. पण एकीला पूस म्हटलं की दुसरीही पुसते. "अगं थांब, आपण काय पुसतोय?" असं विचारायची त्यांची रीतच नाही. मला हे माहीत होतं. दर सोमवारी मी काकांच्या मोबाइलवर निरोप धाडत असे की बाहेरची प्रत घेतलेली नाही. काका तो वाचत, "बघू" म्हणत आणि बोटाने बाजूला सारत. मी नारिंगी दिवा लुकलुकवायला लागलो. तर त्या दिव्याने अण्णांना त्रास व्हायला लागला.

अण्णा म्हणजे काकांचे वडील. त्यांना फुटबॉलचं वेड होतं, तेही जुन्या सामन्यांचं. निकाल तोंडपाठ, तरी गोलकीपरवर ओरडायचे. "अरे डावीकडे! डावीकडे येतोय बॉल!" तीस वर्षांपूर्वीच्या त्या गोलकीपरने त्यांचं कधी ऐकलं नाही. हे सामने त्यांना मी पुरवत असे. अण्णांचा टीव्ही इतका जुना, की नव्या धाटणीच्या फाइली त्याला कळतच नसत. प्रत्येक सामना मला त्याला समजेल असा करून द्यावा लागे, आणि तोही चालू असताना. मी तापायचो, पंखा घरघरायचा, आणि कधी कधी ऐन वेळी सगळं थिजायचं. पडद्यावर खेळाडूचा पाय हवेत आणि मधोमध गोल फिरणारं चक्र.

"मार ना! मारत का नाहीस?" अण्णा ओरडायचे.

"अण्णा, तो नाही थांबलेला, डबा थांबलाय," नात सांगायची.

त्या दिवसापासून अण्णांचा माझ्यावर दात. माझा नारिंगी दिवा त्यांच्या सामन्यात लुडबुड करतो म्हणून त्यांनी चष्म्याची भिंगं घासताना त्यांवर लावतात तसली एक गोल चिकट चकती काकांकडून मागून घेतली आणि दिव्यावर चिकटवली. झालं! माझा डोळा बांधला. नव्याचे नऊ दिवस संपले होते. आता माझ्यावर कुणाच्या तरी छत्र्या ठेवल्या जायच्या. फडकं तर लेकीने कधीच सोडलं होतं.

दोन वर्षांत अण्णांचे सामने चारशेवर गेले आणि माझ्यात जागा उरली नाही. ऐन त्याच आठवड्यात घरी मामा आले, म्हणजे आईचे थोरले भाऊ. घराघरांत कपाटं बसवून देणं हा त्यांचा धंदा. कानाकोपऱ्यातून जागा काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

दुपारची वेळ होती. आई आणि लेक आपापल्या शाळेत, काका दुकानात. अण्णांनी गाऱ्हाणं मांडलं, "नवीन सामना ठेवायला जागा नाही म्हणतो हा डबा."

"जागा नाही? अण्णा, मी जिन्याखालून दोन कपाटं काढलीत. हा डबा काय चीज आहे!" असं म्हणून मामांनी काकांचा लॅपटॉप उघडला. कुठून तरी एक प्रोग्रॅम उतरवून घेतला. एकसारख्या दिसणाऱ्या फाइली तो शोधून काढतो, एक ठेवतो आणि बाकीच्या उडवतो. तो माझ्या पोटात शिरला, इकडेतिकडे फिरला आणि मामांपुढे यादी घेऊन उभा राहिला.

"अण्णा, हे बघा! नऊशे बारा व्हिडिओ, सगळे एकच!"

अण्णांनी चष्मा सरसावला. "ही तर आपली सूनबाई."

"हो ना. हिची लहानपणापासूनची खोड. एक फोटो मनासारखा येईपर्यंत शंभर काढायचे." मामांनी चारपाच व्हिडिओ उघडले. प्रत्येकाचा पहिला क्षण पाहिला आणि बंद केला. राखाडी भिंत, निळा ड्रेस, जुळवलेले हात. "बघा, काही करतच नाहीये. नुसती उभी आहे!"

आणखी दोन क्षण थांबले असते, तर हात हलले असते. पण उतावळ्या माणसाला दोन क्षण म्हणजे दोन युगं.

मी माझ्या परीने प्रयत्न केला. पडद्यावर विचारलं, नक्की काढायच्या? मामांनी 'हो' दाबलं. मी पुन्हा बजावलं, या परत मिळणार नाहीत. "हो रे बाबा, हो!" मामा म्हणाले. तरी जागा मोकळी होईना, कारण काढलेल्या फाइली मी केराच्या टोपलीत धरून ठेवल्या होत्या. मामांनी ती टोपलीही शोधून काढली आणि ओतून टाकली. जुळ्या बहिणींनी मुकाट्याने सगळं पुसलं. मग त्या मोकळ्या जागेत अण्णांचे नवे सामने हौसेने भरले गेले. मामांनी हात झटकले आणि चहा मागितला.

प्रोग्रॅमने यादीतला पहिला व्हिडिओ तेवढा ठेवला होता. तो शब्द होता 'अंघोळ'. तीन वर्षांच्या कामातून अंघोळ उरली.

आई पाच वाजता आली. अकरा शाळांना कोश पाठवायला पंधरा दिवस राहिले होते, म्हणून ती लगेच कामाला बसली. तिने माझ्यातलं शब्दांचं फोल्डर उघडलं. मी तिला 'अंघोळ' दिली. तिने पुन्हा उघडलं. मी पुन्हा 'अंघोळ' दिली. दुसरं काही माझ्याकडे असतं, तर काढून दिलं नसतं का हो? मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नाही.

"अगं, जागा काढून दिली बघ!" मामा आतून मोठ्या आनंदाने म्हणाले.

काय झालं ते तिला कळलं, तशी ती चपलांच्या कपाटाशी खाली बसली. ओरडली नाही. मग उठून मामांपुढे उभी राहिली आणि हातांनी बोलायला लागली. भराभर, जोरजोरात, भुवया चढवून. दोन मिनिटं ती थांबली नाही.

"काय म्हणतेय ही?" मामांनी भाचीला हळूच विचारलं.

"मामा, तो प्रत्येक शब्द मला येतो," ती म्हणाली, "पण मोठ्यांपुढे बोलायची मला परवानगी नाही."

दुसऱ्या दिवशी मला डिस्क दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे नेलं. त्याने मला तपासून मान हलवली. शब्द जिथे होते, तिथे आता फुटबॉल बसला होता, आणि दोन्ही बहिणींकडे तंतोतंत सारखा. हे ऐकून अण्णांनी घरी आल्यावर टीव्हीची वायरच काढून ठेवली. काकांनी त्यांच्या मोबाइलमधले माझे शंभरावर निरोप एकेक करून वाचले. 

आई शाळेत गेली आणि तिने मुलांना हातांनीच सांगितलं, की आपला कोश हरवला. पुढचं मला नंतर कळलं. त्यांच्यात आठ वर्षांची एक चुणचुणीत मुलगी होती, भाजीवालीची. दुसऱ्या दिवशी ती आपल्या आईचा मोबाइलच घेऊन आली आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यात एकशे चाळीस शब्द होते. रोज संध्याकाळी आई पालकांना सरावासाठी दोनतीन शब्द मोबाइलवर पाठवत असे आणि जागेसाठी स्वतःच्या मोबाइलमधून पुसत असे. मुलगी शाळेत आल्यापासूनचे ते सगळे शब्द त्या भाजीवालीने एकही न पुसता ठेवले होते. आणि आमची मंडळी दुरुस्तीवाल्याच्या दारात रांगा लावत होती! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

मग मामा निघाले. कुणी सांगितलं नाही, आपण होऊन निघाले. खिशात हत्यारांऐवजी वायर आणि एक छोटी डिस्क घेऊन ते घरोघर फिरले. भाजीवाली, बसचा कंडक्टर, लिफ्ट दुरुस्त करणारा, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी. मोबाइलमधून व्हिडिओ उतरेपर्यंत प्रत्येक घरात अर्धा तास बसावं लागे, आणि समोर ज्यांना ऐकू येत नाही अशी मुलं. आयुष्यात पहिल्यांदाच मामांची बडबड कुणाच्या उपयोगाची नव्हती. मुलांनी त्यांना हातांनी बोलायला शिकवायचं ठरवलं आणि त्यांचे लाकडासारखे जाड अंगठे पाहून पोट धरधरून हसली.

रोज घरी आले, की मामा मिळालेले शब्द माझ्यात ओतत. 'आइसक्रीम' एकवीस घरांतून आलं. 'सुट्टी' सतरा घरांतून. नऊ दिवसांत आठशे चौऱ्याहत्तर शब्द परत आले. चित्रं जरा धूसर होती, पण हात स्वच्छ दिसत होते. सदतीस शब्द मात्र एकाही घरात सापडले नाहीत. 'गृहपाठ' त्यांत पहिला. 'शिस्त', 'परीक्षा', 'रांग', 'कडू औषध' हेही होते. मुलांनी ते मोबाइलमधून वेचून वेचून उडवले होते.

नऊ दिवस आई भावाशी एक शब्द बोलली नव्हती. नवव्या संध्याकाळी मामा तिच्यापुढे उभे राहिले. कपाटं बसवणारे ते राकट हात त्यांनी छातीशी आणले आणि हळूहळू, चुकत, 'माफ कर' असं दाखवलं. आईने पुढे होऊन त्यांचं बोट धरलं.

"अंगठा असा बाहेर नाही ठेवायचा, दादा. आत घे," ती म्हणाली.

मामा रडले. आईही रडली. मी माझा पंखा जमेल तितका हळू फिरवला.

उरलेले सदतीस शब्द कुणी दाखवायचे, यावर शाळेत वाद झाला. शेवटी मुलांनीच दाखवले. ज्यांनी ते शब्द पुसले होते, त्यांच्याकडूनच आईने ते करून घेतले. कुणी लाल शर्टात, कुणी पट्ट्यापट्ट्यांच्या. हातांच्या भाषेत चेहराही बोलतो बरं का. कंडक्टरच्या मुलाने 'गृहपाठ' दाखवताना असं काही तोंड केलं, की तो व्हिडिओ अकरा शाळांत सर्वांत लाडका ठरला म्हणतात. कोश एक दिवस आधी रवाना झाला.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आता घरी माझ्या जागी नवा डबा आहे. माझ्या डिस्क बदलल्या, खालचा एक रबरी पाय झिजला आणि मला शाळेत पाठवलं. घरातल्या डब्याची बाहेरची प्रत म्हणजे आता मी! दर शुक्रवारी नवे शब्द माझ्याकडे येतात. वर्गातल्या खिडकीशी माझी फळी आहे. मी चालू आहे की नाही, हे मुलं माझ्यावर तळवा टेकून पंख्याच्या थरथरीवरून ओळखतात. दिवसातून चाळीस तळवे तरी माझ्या डोक्यावर येतात, आणि घरच्या सगळ्या छत्र्यांचा राग त्यात विरघळून जातो.

माझ्यासाठी हातांच्या भाषेत शब्दच नव्हता. गेल्या महिन्यात भाजीवालीच्या मुलीने तो तयार केला. ती आता बारा वर्षांची आहे. एका तळव्यावर दुसरा तळवा झाकायचा आणि दोन्ही अलगद छातीशी न्यायचे. आईने लगेच व्हिडिओ घेतला, तो माझ्यात ठेवला आणि अभिमानाने म्हणाली, "आता हा शब्द सुरक्षित."

मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं, भुवया उंचावल्या आणि हातांनी विचारलं, "आणि हा बिघडला तर?"

आई हसली, तिने मोबाइल काढला आणि तो शब्द तिथल्या तिथे सगळ्या पालकांना पाठवून दिला.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ असेल. त्याच्यावरची धूळ पुसा, त्याच्या दिव्यावर काही चिकटवू नका, आणि त्याच्यासमोर उभं राहून हाच प्रश्न मोठ्याने विचारा. आम्हाला वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका. आम्ही तर केव्हापासून त्याचीच वाट पाहत असतो.